तेरावा दोरा

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. सध्या माझ्या पोटात सात छत्र्या, एक काठी आणि कुणाचा तरी विसरलेला हातमोजा आहे. खाणकामगारांच्या सभागृहात मला दाराशी उभं केलंय, आणि येणारा-जाणारा आपली ओली छत्री माझ्यात खुपसून पुढे जातो. हसू नका मित्रांनो. ज्याने एके काळी दीडशे माणसांना जेवू घातलं, त्याच्या नशिबी छत्र्या आल्या तर त्याला काय वाटत असेल? पण मी काही रडगाणं गायला बसलेलो नाही. माझ्या डाव्या कडीला एक दोरा बांधलेला दिसतो का तुम्हाला? पार विटलाय बिचारा. एके काळी तो लालभडक होता. त्या दोऱ्याची गोष्ट सांगायची म्हणून मी तोंड उघडलंय.

माझा जन्म युरोपातल्या तात्राच्या डोंगरात, स्लोव्हाकांच्या एका खेड्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या तांबटाने मला तीन आठवडे ठोकलं. ठोकताना तो माझ्याशी बोलायचा. "पोट मोठं ठेवतो रे तुझं," म्हणायचा, "म्हणजे कुणाला नाही म्हणायची वेळ यायची नाही." शेवटी त्याने आतून मला कल्हई केली आणि मी चांदीसारखा लखलखलो. वेरोनाच्या बापाने मला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नात तिच्याबरोबर धाडलं. तेव्हापासून मी वेरोनाचा.

वर्षभरात तिचा नवरा ओंद्रेय म्हणाला, "इथे दगडच पिकतात. अमेरिकेला जाऊ." वेरोनाने पिसांची रजई माझ्यात कोंबली, रजईत लाकडी देव ठेवला, आणि आम्ही निघालो. जहाजावरच्या पहिल्या तीन दिवसांत माझा उपयोग कशासाठी झाला ते विचारू नका. समुद्र खवळला होता आणि वेरोनाच्या पोटात काही टिकत नव्हतं, एवढंच सांगतो. नंतर तिने मला राखेने घासून घासून माझी माफी मागितली.

पेनसिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीजवळ कंपनीने बांधलेल्या लाल घरांच्या रांगा होत्या. त्यातलं एक घर ओंद्रेयला मिळालं. दोन खोल्या खाली, दोन वर. तेवढ्यात नवरा-बायको आणि बारा भाडेकरू राहायचे. सगळे आमच्याच मुलखातले, सगळे खाणीत जाणारे. सहा जण दिवसपाळीला, सहा रातपाळीला. एक उठला की दुसरा त्याच बिछान्यावर आडवा व्हायचा. गाद्या कधी गार म्हणून व्हायच्या नाहीत. वेरोना सगळ्यांचे कपडे धुवायची, पाठी चोळायला पाणी तापवायची, आणि स्वयंपाक करायची माझ्यात.

आता त्या स्वयंपाकाची गंमत ऐका. कोबी-बटाटे सगळ्यांचे सामाईक, पण मांस ज्याचं त्याचं. ज्याला जसं परवडेल तसा तुकडा तो आणायचा. मग एका टोपात शिजवून कुणाचा कुठला हे कसं ओळखायचं? वेरोना प्रत्येकाच्या तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची आणि दोऱ्याचं टोक माझ्या काठावरून बाहेर सोडायची. मातूशचा हिरवा. गाशपारचा निळा. कुणाचा पिवळा, कुणाचा पांढऱ्यात काळा. आणि ओंद्रेयचा लाल, वेरोनाने स्वतःच्या लग्नातल्या रुमालाच्या भरतकामातून उसवून काढलेला. जेवायच्या वेळी ती एकेक दोरा ओढायची आणि ज्याचा तुकडा त्याच्या ताटात पडायचा. काठावरून तेरा दोरे लोंबताना मी नवरदेवाच्या घोड्यासारखा दिसायचो. मला तर फार ऐट वाटायची.

आणि भांडणं! गाशपार म्हणजे एक नंबरचा चिकट माणूस. आपल्या दोऱ्याला तीन-तीन गाठी मारून द्यायचा.

"वहिनी, माझा तुकडा सकाळी मोठा होता."

"शिजल्यावर आटतो रे बाबा."

"मग मातूशचा का नाही आटला?"

"मातूशच्या तुकड्याला तुझी दृष्ट लागत नाही म्हणून," ओंद्रेय म्हणायचा, आणि अख्खं घर खो खो हसायचं. गाशपारसुद्धा हसायचा, पण ताटावरची नजर काढायचा नाही.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझा तळ गार पडतो. खाणीत छताला लाकडाचे टेकू द्यावे लागतात, नाहीतर वरचा दगड खाली येतो. पण टेकू लावण्यात जो वेळ जाई त्याची मजुरी कंपनी देत नसे. जेवढा कोळसा काढाल तेवढंच तुमचं. मग घाईघाईत टेकू कमी लागायचे, आणि लाकूडही वेळेवर मिळायचं नाही. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वेरोनाने एकेक दोरा ओढायला सुरुवात केली. हिरवा, निळा, पिवळा. दिवसपाळीचे लोक आले होते, पण कुणी जेवायला बसत नव्हतं. बाहेर कंपनीची गाडी थांबली. माणसांनी पायरीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवून ठेवलं आणि गाडी निघून गेली. वेरोना धावत बाहेर गेली. मी चुलीवरच होतो. लाल दोरा माझ्या काठावर तसाच लोंबत राहिला. ओंद्रेयचा तुकडा माझ्या तळाशी तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

त्या सकाळी वेरोनाने तो दोरा सोडवला, धुतला आणि माझ्या कडीला बांधला. बाराही भाडेकरू खाली मान घालून उभे होते. ती एवढंच म्हणाली, "आता ह्या टोपाच्या तळाशी कुणाचा तुकडा उरलेला मला बघायचा नाही. ऐकलंत? कुणाचाही नाही."

जूनमध्ये संप होऊन खाण बंद पडली. भोंगा वाजला, पण कुणी गेलं नाही. आयरिश, वेल्श, पोलिश, आमचे स्लोव्हाक, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे एक झाले. मागण्या बऱ्याच होत्या, पण पहिली टेकूंची. लाकूड कंपनीने द्यावं आणि ते लावायला वेगळी माणसं नेमावीत. कंपनीने आपलं दुकान संपवाल्यांना बंद केलं. मांस गेलं, तेव्हा दोरेही गेले. वेरोनाने बाराही दोरे भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. पूर्ण वस्तीत माझ्याएवढं मोठं भांडं कुणाकडे नव्हतं, त्यामुळे मला अंगणात तीन दगडांवर बसवलं. कुणी दोन गाजरं आणायचं, कुणी मूठभर जव, कुणी एक कांदा. दुपारी घराघरातून वाट्या घेऊन माणसं यायची. वेरोना डाव फिरवायची आणि म्हणायची, "पोटात कावळे ओरडत असले ना, की माणूस परत खाणीत जातो. म्हणून हा टोप रिकामा राहता कामा नये."

ऑगस्टपर्यंत माझ्यात पाणीच जास्त दिसायला लागलं. घासून घासून कल्हईही उडाली होती. आतून तांबं डोकवायला लागलं होतं. आंबट कोबीचं पिंप घरात होतं, पण तो माझ्यात शिजवला असता तर कळकला असता आणि पोरं आजारी पडली असती. मला स्वतःची लाज वाटायची. त्यातच वस्तीत कुजबुज सुरू झाली की सोमवारी भोंगा वाजला की काही जण परत जाणार. टेकू असोत वा नसोत.

आणि त्याच आठवड्यात घोटाळा झाला.

सगळे पुरुष सभेला गेले होते. अंगणात वेरोना आणि मी. एक घोडागाडी येऊन थांबली. वरून एक उंच, लाल मानेचा शेतकरी उतरला. त्याचं नाव अ‍ॅबनर, हे आम्हाला नंतर कळलं. त्याने गाडीवरची पोती ओढली आणि तोंड भरून हसत वेरोनाच्या पायाशी एक पोतं उघडलं. आत मक्याची कणसं होती. हिरवीगार, कोवळी, दुधाळ.

मित्रांनो, आमच्या डोंगरात मका पिकत नाही. पण खाली मैदानी मुलखात तो कशासाठी लावतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डुकरांसाठी. माणसं मका खातात, हे वेरोनाच्या स्वप्नातही नव्हतं. ती त्या कणसांकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"आम्ही डुकरं आहोत का रे?" ती ओरडली. "नवरा गेला, भाकर गेली, आता हे राहिलं होतं? ने, तुझ्या कंपनीच्या साहेबाच्या गोठ्यात नेऊन ओत!"

अ‍ॅबनरला आमची भाषा एक अक्षर कळत नव्हती. तेव्हा वेरोनाने त्याला समजेल असं सांगितलं. कणसाकडे बोट केलं, नाक वर करून डुकरासारखी घुरघुरली, आणि बोट त्याच्याकडे रोखलं. म्हणजे, हे तुझ्या डुकरांना घाल. पण त्या भल्या माणसाला वाटलं, ही बाई मलाच डुक्कर म्हणतेय. त्याचं हसू मावळलं. त्याने पोत्याचं तोंड बांधलं, पोतं गाडीवर चढवलं आणि मागे वळून न बघता घोडे हाकले. मी तिथेच होतो. मला तरी कुठे काही कळलं? मीही मनातल्या मनात म्हणालो, बरं झालं.

तासाभराने मातूश सभेहून पळत आला. तो अकरा वर्षं अमेरिकेत होता, इंग्रजी बोलायचा.

"वहिनी, शेतकऱ्यांची गाडी आली का? आज येणार होती. सभेत सांगितलं."

"डुकरांचं खाणं आणलं होतं. दिलं हाकलून."

मातूशने कपाळाला हात लावला. "काय केलंत वहिनी! इथे मका माणसं खातात. राजे खातील एवढा गोड असतो. अहो, त्या शेतकऱ्यांचा संघ आहे, ग्रेंज म्हणतात त्याला. ज्या रेल्वे कंपनीची ही खाण आहे ना, तीच त्यांचं धान्य आणि दूध वाहून नेते आणि मनाला येईल तसं भाडं लावते. तेही तिच्याशीच भांडतायत. म्हणून आपलं कळल्यावर त्यांनी आपणहून ठरवलं, दर आठवड्याला एक गाडी पाठवायची."

वेरोना मटकन माझ्या शेजारी बसली. मग माझ्या कडीवरच्या लाल दोऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

"ते शेतकरी कुठे, कधी भेटतात?"

"आठ मैलांवर. रविवारी, त्यांच्या सभागृहात."

"टोपासाठी हातगाडी आण."

आठ मैल, मित्रांनो! चढ-उतारांचा रस्ता, करकरणारं चाक आणि मी प्रत्येक खड्ड्याला ठणाणतोय. वेरोना तिचा एकुलता एक चांगला परकर नेसली होती. मातूश म्हणाला, "टोप कशाला न्यायचा वहिनी? नुसती माफी मागू." ती म्हणाली, "नुसत्या तोंडाने मागितलेली माफी मला येत नाही."

सभागृहासमोर झाडाखाली लांब बाकांवर जेवणं चालली होती. आम्हाला बघताच एक ठेंगणी, गोल बाई ताडकन उठली. ती अ‍ॅबनरची बायको, टॅबिथा.

"हीच का ती? माझ्या नवऱ्याला डुक्कर म्हणणारी? आणि आता रिकामं भांडं घेऊन आली!"

"जाऊ दे गं," अ‍ॅबनर म्हणाला.

"का जाऊ दे? पहाटे चारला उठून मी कणसं तोडली. कंबर मोडली माझी. आजच मत घ्यायचंय ना, पुढे गाडी पाठवायची की नाही? माझंही मत आहे इथे. बाईमाणसाचं मत पुरुषाएवढंच असतं आपल्या संघात."

मातूश भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच वेरोनाने त्याला हाताने थांबवलं. तिने मला हातगाडीवरून उतरवलं आणि टॅबिथाच्या पुढ्यात ठेवलं. मग मातूशला म्हणाली, "सांग तिला. मी चुकले. आमच्याकडे मका डुकरांना घालतात, मला वाटलं आमची चेष्टा केली. तिच्या नवऱ्याला मी काही म्हणाले नाही." मातूशने सांगितलं. टॅबिथा हाताची घडी घालून उभीच. मग वेरोनाने कडीवरचा लाल दोरा दाखवला. तेरा दोऱ्यांचं सांगितलं. तळाशी राहिलेल्या तुकड्याचं सांगितलं. "उद्या सोमवार आहे," ती म्हणाली. "हा टोप रिकामा राहिला तर आमची माणसं परत आत जातील. वर टेकू नसताना. माझ्याकडे अजून बारा दोरे आहेत, बाई." आणि ती रडली. ओंद्रेय गेल्यावर चारचौघांत पहिल्यांदाच रडली.

टॅबिथाने घडी सोडली. ती पुढे आली, पण वेरोनाकडे नाही, माझ्याकडे. वाकून माझ्यात डोकावली. बोटाने तळ चोळून बघितला.

"अगं बाई, ह्यात शिजवतेस? कल्हई कुठे आहे? पोरांना विष होईल ना! सिलस! ए सिलस, ते हातातलं कुत्र्याला टाक नाहीतर खाऊन संपव, पण इकडे ये आधी!"

सिलस त्यांचा लोहार. त्याने कोंबडीची तंगडी खाली ठेवली, कथील आणि नवसागर आणला, आणि तिथेच झाडाखाली जाळ करून मला कल्हई केली. तांबटाच्या हातानंतर इतक्या मायेने मला कुणी तापवलं नव्हतं. मी पुन्हा आतून लखलखलो. मग टॅबिथाने माझ्यात पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि कणसं सोडली. उकडल्यावर एकाला लोणी फासून तिने आधी स्वतः दोन घास खाल्ले, वेरोनाला दिसतील असे. मग दुसरं तिच्या हातात दिलं.

वेरोनाने चाकू मागितला. कणसाचे काकडीसारखे काप करायला गेली. चाकू अडकला. मग ती टोकाकडून चावायला लागली, आतल्या दांड्यासकट. टॅबिथाला हसू आवरेना. "आडवं गं, आडवं! पाव्यासारखं धर!" वेरोनाने आडवं धरलं. दाणे फुटले, लोणी कोपरापर्यंत ओघळलं. ती चावायची थांबली आणि म्हणाली, "डुकरं फार शहाणी असतात."

मातूशने भाषांतर केलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने अ‍ॅबनर हसला. मतदान झालं तेव्हा पहिला हात टॅबिथाचा होता, लोण्याने माखलेला. माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणायला हरकत नाही.

सोमवारी भोंगा वाजला. वस्तीतल्या माणसांनी दारं उघडून पाहिलं, तर अंगणात मी वाफाळत होतो आणि बाजूला अ‍ॅबनरची गाडी उभी होती. खाणीकडे कुणी गेलं नाही. त्या सोमवारी नाही, पुढच्याही नाही. मका संपला तेव्हा बटाटे आले, मग भोपळे.

संप ऑक्टोबरात मिटला. कंपनीने एकच गोष्ट मान्य केली. टेकूंना वेगळी माणसं आणि कंपनीचं लाकूड. मजुरी होती तेवढीच राहिली. काही जण हिरमुसले. "एवढ्यासाठी?" म्हणाले. वेरोना म्हणाली, "एवढ्यासाठीच."

पहिल्या पगाराच्या दिवशी बारा जण मांस घेऊन आले. वेरोनाने खिळ्यावरून दोरे काढले आणि निळा गाशपारपुढे धरला. गाशपारने हात पाठीमागे घेतले.

"राहू दे वहिनी."

"अरे, पण तुझा तुकडा कुठला ते कसं कळणार?"

"ताटात येईल तो माझा."

मातूश म्हणाला, "आणि लहान आला म्हणून उद्या भांडलास तर?"

"भांडेन की! भांडायचं सोडतो असं कुठे म्हणालो मी?"

बाकीच्यांनीही दोरे घेतले नाहीत. वेरोनाने पदर नसताना पदर डोळ्यांना लावावा तसं बाहीने तोंड पुसलं. मग बारा तुकड्यांतून तिने थोडं थोडं कापून एक तेरावा वाटा केला, माझ्या कडीवरचा लाल दोरा सोडवला आणि त्याला बांधला. "हा दारात येईल त्याचा," ती म्हणाली. त्या दिवशी दारात अ‍ॅबनर आला, रिकामी पोती परत न्यायला. उंबऱ्यावर उभा राहून तो डुकरासारखा घुरघुरला. वेरोनाने लाल दोरा ओढला आणि त्याला वाढलं.

पुढे एकोणीस वर्षं ते चाललं. रोज एक लाल दोरा माझ्या काठावरून लोंबायचा. कधी फिरता विक्रेता यायचा, कधी नुकतीच बोटीतून उतरलेली, भाषा न येणारी माणसं. वेरोना म्हातारी झाली, घर गेलं, आणि मातूशने मला ह्या खाणकामगारांच्या सभागृहाला दिलं. दोरा तिने स्वतः कडीला बांधला. नंतर खाणी बंद पडल्या, मला कुणी घासलं नाही, कल्हई केली नाही, आणि छत्र्या आल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर एखादा जुना टोप असेल. त्याला खाली काढा, कल्हई करून आणा. आणि कुणी दारात काही घेऊन आलं, ते तुम्हाला विचित्र वाटलं, तर रागावण्याआधी एवढं विचारा की बाबा, हे कसं खायचं. बाकी माझं काही मागणं नाही.

फक्त एक आवाज मला पुन्हा ऐकायचा आहे. वाढून झालं की वेरोना डाव माझ्या तळावरून फिरवायची, खरवडून बघायची. एकोणीस वर्षं, रोज. बोटं चेचली, पाय मोडले, खोकले लागले, पण तिच्या घरातला एकही माणूस खाणीतून गाडीवर घालून आणावा लागला नाही. डाव तळाला लागून कर्र वाजायचा, आणि ती समाधानाने म्हणायची, "रिकामा."

रिकामा असण्यात एवढं सुख असतं, हे मला तिने शिकवलं.